भूलतपासणीची ओपीडी बंद करून जलद रिकव्हरी कशी होणार? मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्या हॉस्पिटलांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत मेंदूच्या गाठींची ऑपरेशनं करणाऱ्या हॉस्पिटलांचे व्यवस्थापक, न्यूरोसर्जन आणि भूलतज्ज्ञ

नमस्कार,

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका हॉस्पिटलने दोन गोष्टी एकदम केल्या. दारावर 'ब्रेन ट्यूमर सर्जरी, जलद रिकव्हरी पॅकेज' असा मोठा बॅनर लावला आणि वरच्या मजल्यावर एक नोटीस चिकटवली की भूलपूर्व तपासणीची वेगळी ओपीडी बंद करण्यात येत आहे, तपासणी पेशंट ॲडमिट झाल्यावर आदल्या संध्याकाळी वॉर्डातच होईल. मी हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण हे एका ठिकाणापुरतं नाही, बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ही ओपीडी कधी सुरूच झालेली नाही. पण ज्या ओपीडीपासून जलद रिकव्हरी सुरू होते तीच बंद करायची आणि वर जलद रिकव्हरीच्या नावाने पॅकेज काढायचं, हे मला गप्प बसून बघवत नाही म्हणून हे पत्र.

मी नर्स आहे, दुसऱ्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) रिकव्हरी रूममध्ये ड्यूटी करते. राहते ऐरोलीला. आणि माझी आत्या मेंदूच्या ऑपरेशनची पेशंट होती, त्यामुळे या वेळी मी बेडच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

आधीच सांगते, तक्रार सर्जनबद्दल नाही. आत्याला मेनिन्जिओमा होता, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी, बहुतेक वेळा कॅन्सरची नसलेली गाठ. कोपरीला तिचं पोळीभाजी केंद्र आहे, पोळ्या लाटता लाटता डाव्या हातातून लाटणं सुटायला लागलं तेव्हा हे सगळं कळलं. गाठ पूर्ण निघाली, हात आता चालतोय, त्या डॉक्टरांचे आमच्यावर उपकार आहेत आणि ते मी जाहीरपणे मानते. पूर्वी मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की केईएम, सायन नाहीतर परळचं टाटा, लोकलने पेशंट घेऊन जायचं, आता घोडबंदर रोडपासून बेलापूरपर्यंत कितीतरी ठिकाणी हे काम होतं ही मोठीच गोष्ट आहे. माझं म्हणणं आहे ते ऑपरेशनच्या आधीच्या रात्रीबद्दल आणि नंतरच्या दिवसांबद्दल, जिथे कुणी काही ठरवलेलंच नसतं आणि सगळं 'आमच्याकडे असंच असतं' यावर चालतं.

जलद रिकव्हरी हा शब्द तुम्ही बॅनरवर घातलाय म्हणून तो कुठून आला ते लिहिते. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या पेशंटसाठी ही पद्धत बसवली. त्यांनी कुठलं नवीन मशीन आणलं नव्हतं, पेशंटला इतका वेळ उपाशी का ठेवतो, नळ्या इतके दिवस का ठेवतो, बेडवर का झोपवून ठेवतो, दुखणं आधीच का अडवत नाही हे एकेक प्रश्न विचारले आणि ज्या सवयीमागे पुरावा नव्हता ती सोडली. पुढे २०१० मध्ये यासाठी ईरास सोसायटी ही डॉक्टरांची संघटना स्थापन झाली, ईरास म्हणजे इंग्लिशमध्ये ऑपरेशननंतरची जलद रिकव्हरी. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये हे उशिरा आलं, भीती होती की मेंदूच्या पेशंटला हे झेपणार नाही. २०१८ साली चीनमधल्या डॉक्टरांनी ठरवून केलेल्या कवटीच्या ऑपरेशनचे १४० पेशंट घेऊन तुलना छापली, त्यात ही पद्धत वापरलेल्यांचा हॉस्पिटलमधला मुक्काम कमी झाला आणि गुंतागुंत वाढली नाही. म्हणजे विषय नवाकोरा नाहीये, आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांना हे सगळं माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहितीये. अडतं ते हॉस्पिटल म्हणून ठरवण्यात.

आता एकेक तक्रार लिहिते.

पहिली, उपाशी ठेवण्याची. आत्याला रात्री १२ पासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा बंद. लिस्टवर तिची केस दुसरी होती, पहिली लांबली, मेंदूच्या केसेस लांबतातच त्यात कुणाचा दोष नाही, पण तिला ओटीत नेलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. सकाळभर मी ओल्या गॉजने तिचे ओठ पुसत बसले होते. जीभ टाळूला चिकटत होती. बोलताना शब्द अडकायला लागले तेव्हा ज्युनियर डॉक्टर धावत आले, गाठीमुळे बोलण्यावर परिणाम झाला की काय म्हणून टॉर्च मारून बघितलं, हात वर करायला लावले, एकदम धावपळ. गाठीचा काही संबंध नव्हता, तोंड कोरडं पडलं होतं. त्यात तिला शुगर, आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन चालू, ज्याने शुगर आणखी वर जाते.

नियम काय आहे? अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ पासून लिहून ठेवलंय आणि जगभर तेच चालतं, ठरवून केलेल्या ऑपरेशनला निरोगी माणसाने भुलेच्या २ तास आधीपर्यंत पाणी, बिनदुधाचा चहा, गर नसलेला गाळलेला रस घ्यायला हरकत नाही, हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, तळलेलं किंवा मटण वगैरे जड खाणं असेल तर ८ तास किंवा जास्त. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो ६ तासांतला, आणि आपल्याकडे पेशंट चहा म्हणतो तेव्हा दुधाचाच म्हणतो, म्हणून हे नुसतं 'लिक्विड चालेल' असं सांगून भागत नाही, बसून समजावावं लागतं. बरं, हे सगळ्यांना सरसकट लागू नाही हेही मला माहितीये. डोक्यातलं प्रेशर वाढून ज्याला उलट्या होतायत, ज्याला गिळायला त्रास आहे, ज्याची शुगर जुनी आहे आणि पोट सावकाश रिकामं होतं, अशांचं वेगळं ठरवावं लागेल. पण वेगळं ठरवायला आधी कुणीतरी पेशंटशी बोलायला हवं ना, आणि ते बोलणं व्हायचं त्या ओपीडीत जी तुम्ही बंद केलीत.

दुसरी तक्रार उलट्यांची आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ती रात्र टाळता आली असती. आत्या ऑपरेशनच्या रात्री आयसीयूत परत परत ओकत होती. पोटात काही नाही, नुसतं पित्त. डोक्याला ताजे टाके, आणि प्रत्येक उलटीला मॉनिटरवर बीपी वर जायचं. मेंदूच्या ऑपरेशननंतर उलटी म्हणजे नुसता त्रास नसतो, जोर लावल्याने डोक्यातलं प्रेशर वाढतं, रक्तस्रावाची भीती असते, आणि डॉक्टरांनाही कळेना की ही भुलेची उलटी आहे की आत काही बिघडलंय, म्हणून रात्रीत सीटी स्कॅनला न्यायची वेळ आली. सीटी नॉर्मल आला, पण त्या ट्रॉलीच्या फेरीत तिचे जे हाल झाले ते मी विसरू शकत नाही.

यासाठी एक साधा स्कोअर आहे, आपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेला. फक्त चार गोष्टी बघायच्या: पेशंट बाई आहे का, सिगारेट ओढत नाही का, गाडी लागते का किंवा आधीच्या भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखी औषधं द्यावी लागणार आहेत का. यातलं काहीच नसेल तर उलटी व्हायची शक्यता साधारण १० टक्के, चारही असतील तर ८० टक्क्यांच्या आसपास. आत्या बाई, सिगारेट कधी हातात धरलेली नाही, आणि तिला गाडी इतकी लागते की माळशेज घाटातून जुन्नरला जाताना आम्ही तिच्या हातात लिंबू आणि पिशवी देऊनच बसवतो. घरातल्या लहान पोरालाही माहीत असलेली ही गोष्ट हॉस्पिटलमध्ये एकाही माणसाने विचारली नाही. आदल्या संध्याकाळी आलेले भूल देणारे डॉक्टर बिचारे एकामागे एक बेड करत होते, छाती तपासली, तोंड उघडायला लावलं, दात हलतायत का बघितलं, फाइलवर लिहिलं आणि पुढे गेले, त्यांच्याकडे वेळच नव्हता. विचारलं असतं तर गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफोलवर भूल ठेवता आली असती ज्याने उलट्या कमी होतात, ऑनडानसेट्रॉन या उलटीच्या औषधाच्या जोडीला आणखी एक औषध आधीच देता आलं असतं. एका प्रश्नाचं काम होतं.

तिसरी तक्रार दुखण्याची. लोकांमध्ये, आणि खरं सांगायचं तर आमच्या स्टाफमध्येही, एक जुनी समजूत आहे की मेंदूच्या ऑपरेशननंतर फारसं दुखत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही हे खरंय, म्हणूनच काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत करता येतात. पण डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं जाड आवरण यांना सगळं कळतं. डोकं हलू नये म्हणून पिनांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट धरतात, त्या पिना कातडीतून हाडापर्यंत टेकतात, नंतर कातडी उघडतात. दुखणारच. जड पेनकिलर द्यायला डॉक्टर कचरतात कारण गुंगी आली तर पेशंट शुद्धीवर कसा आहे ते कळत नाही, ही भीती रास्त आहे. पण म्हणून तर स्काल्प ब्लॉक आहे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपाळापासून मानेच्या वरपर्यंत ज्या सहा सहा नसा कातडीला येतात त्यांच्याजवळ बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. पिन लावताना बीपी उसळत नाही, भुलेचं औषध कमी लागतं, आणि पेशंट जागा झाल्यावर पहिले काही तास दुखणं आटोक्यात राहतं, गुंगीही नाही. औषध महाग नाही, सुई साधी. लागतो तो भूलतज्ज्ञाचा थोडा वेळ, आणि लिस्टवर त्या वेळेला जागा ठेवावी लागते. आत्याला ब्लॉक मिळाला नाही, आणि रात्री दुखतंय म्हटल्यावर ट्रमाडोल लावलं. ट्रमाडोलने मळमळ वाढते आणि फिट यायचा धोकाही वाढतो, मेंदूच्या गाठीच्या पेशंटला ते विचार करून द्यायचं औषध आहे, ठरलेली ऑर्डर म्हणून नाही. सलाइनमधून पॅरासिटामॉल वेळच्या वेळी चालू असतं तर ती वेळ आली नसती असं मला वाटतं.

केसांबद्दल पण लिहायलाच हवं. आदल्या संध्याकाळी वॉर्डबॉय मामा ब्लेड घेऊन आले आणि आख्खं डोकं सफाचट केलं, गाठ उजवीकडे एका बाजूला असताना. आत्या विधवा आहे. तिच्या आजीचं केशवपन झालेलं तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. ती काही बोलली नाही, पदर डोक्यावरून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, जेवली पण नाही. आणि हे जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून करतात म्हणावं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की केस काढूच नयेत, अगदीच गरज असेल तर क्लिपरने काढावेत, ब्लेडने वस्तरा मारू नये, कारण वस्तऱ्याने कातडीला बारीक जखमा होतात. म्हणजे ज्या कारणासाठी करायचं त्याच्याच विरुद्ध.

बाकीचं भरभर सांगते. लघवीची नळी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी निघायला हवी होती, ती कुणी ऑर्डर लिहिली नाही म्हणून राहिली. मेंदूत गाठ असलेल्या पेशंटच्या पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका जास्त असतो, तरी पायाला हवेच्या पट्ट्या लावल्या नव्हत्या. फिजिओ सर्जनने कॉल दिला तर येणार, आणि मध्ये रविवार आला. संमतीचा फॉर्म इंग्लिशमध्ये, सही माझ्या आतेभावाची, त्याला विचारलं कशावर सही केलीस तर म्हणाला भूल द्यायची परवानगी, बाकी काही सांगितलं नाही.

आता काही लोक म्हणतील की हिला पेशंटला घाईघाईने घरी पाठवायचंय. अजिबात नाही, आणि बॅनरवर आक्षेप आहे तो इथेच. कवटीच्या ऑपरेशननंतर आत रक्त साचलं तर ते बहुतेक वेळा पहिल्या ६ तासांत लक्षात येतं, काही वेळा दिवस उलटून गेल्यावरही येतं. म्हणून पेशंट लवकर नीट जागा होणं महत्त्वाचं, नाव विचारलं तर सांगतोय का, दोन्ही हात उचलतोय का, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का हे सिस्टरने ठरल्या वेळेला बघायचं असतं. त्यासाठी सिस्टर लागते. रात्री आख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर ठेवून कुणी जलद रिकव्हरीचं पॅकेज विकू नये. आत्याच्या बेडजवळच्या सिस्टर जेवायला सुद्धा बसल्या नव्हत्या, त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मुक्काम कमी होणं हा चांगल्या काळजीचा परिणाम असतो, काळजी तशीच ठेवून नुसती डिस्चार्जची तारीख अलीकडे आणली तर त्याला जलद रिकव्हरी म्हणत नाहीत.

ओपीडी बंद करायची कारणं मी तिथे चौकशी केली तेव्हा दोन सांगितली. एक, लांबून येणाऱ्या पेशंटला आणखी एक फेरी पडते. खरंय, शहापूर, मुरबाड, जव्हारहून येणाऱ्याला पूर्ण दिवस जातो आणि मजुरी बुडते. मग ज्या दिवशी तो एमआरआय दाखवायला सर्जनकडे येतो त्याच दिवशी त्याच मजल्यावर भूलतज्ज्ञ बसवा, फेरी वाढणार नाही. दुसरं कारण, भूलतज्ज्ञ ओटीत लागतात, ओपीडीत बसवणं परवडत नाही. यावर माझं म्हणणं असं की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं, पेशंट चार दिवस जास्त पडून राहिला तर खर्च तुमचाच वाढतो आणि आयसीयूचा बेड अडकतो, बाहेर दुसरा पेशंट थांबलेला असतो. आदल्या संध्याकाळी बीपी किंवा शुगर वाढलेली सापडली की केस कॅन्सल होते, ओटीचा स्लॉट वाया जातो, पेशंट पुन्हा घरी. आठवडाभर आधी बघितलं असतं तर औषध बदलून तो वेळेवर तयार झाला असता. हे हिशेब तुमच्या अकाउंट विभागालाच करू द्या.

मागण्या अशा आहेत.

भूलपूर्व तपासणीची ओपीडी पुन्हा सुरू करा, मेंदूच्या ठरवून केलेल्या प्रत्येक ऑपरेशनआधी पेशंट आणि घरचा एक माणूस भूलतज्ज्ञांना शांतपणे भेटलाच पाहिजे. तिथे उलटीचा स्कोअर, शुगर, चालू औषधं आणि फिटचा इतिहास लिहून घ्या. भुलेच्या संमतीचा फॉर्म मराठीत आणि हिंदीत ठेवा, वाचून दाखवा, मग सही घ्या.

'रात्री १२ नंतर काही नाही' ही सरसकट ऑर्डर बंद करा. भूलतज्ज्ञांनी प्रत्येक पेशंटच्या बेडवर लिहावं की खाणं किती वाजेपर्यंत, पाणी किती वाजेपर्यंत, आणि केस लांबली तर ओटीतून वॉर्डात फोन करून पाण्याची वेळ पुढे सरकवावी. एवढा एक फोन झाला तरी अर्ध्या पेशंटांचे हाल वाचतील.

स्काल्प ब्लॉक ज्यांना चालतो त्यांना मिळालाच पाहिजे, दिला नाही तर कारण फाइलवर यावं. डोकं वस्तऱ्याने करणं थांबवा. नळी कधी काढायची, पेशंटला कधी बसवायचं, कधी चालवायचं, पायाच्या पट्ट्या, गिळायची चाचणी करून पहिलं पाणी कधी, हे सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि फिजिओ यांनी मिळून एका कागदावर ठरवा आणि तो कागद बेडला लावा, रविवार असो की दिवाळी. आणि रात्रीच्या पाळीला न्यूरो वॉर्डात सिस्टर वाढवा, याशिवाय वरचं काहीही पाळलं जाणार नाही हे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

ज्यांनी असं पॅकेज जाहीर केलंय त्यांनी त्यात नेमकं काय काय मिळणार ते मराठीत छापून काउंटरवर ठेवावं, म्हणजे नातेवाईक विचारू शकतील. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या आरोग्य विभागांनाही मी या पत्राची प्रत देतेय, त्यांनी सगळ्या हॉस्पिटलांना बोलावून एक बैठक घ्यावी अशी विनंती आहे.

आणि डिस्चार्जच्या वेळी डेक्सामेथासोन कशी कमी कमी करत न्यायची ते तारखांसकट मराठीत लिहून द्या, ती गोळी मनाने एकदम बंद केली तर पेशंट गंभीर होऊ शकतो आणि आत्याला मिळालेल्या कागदावर फक्त इंग्लिश अक्षरं आणि एक-शून्य-एक असे आकडे होते. ताप, जखमेतून पाणी, फिट, वाढती झोप, एका पायाला सूज, यातलं काहीही झालं तर फोन कुणाला करायचा तो नंबर त्याच कागदावर हवा, आणि तो रात्री सुद्धा उचलला गेला पाहिजे.

आपली,
एक नर्स आणि पेशंटची भाची, ऐरोली